दुखत नाही ती गाठ

कागल तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आहे. आई ५८ वर्षांची. चार वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पुढे केमो आणि लाइटही (रेडिएशन) झाली. गेल्या दीड महिन्यात टाक्यांच्या रेघेवर हरभऱ्याएवढ्या दोन घट्ट गाठी आल्या आहेत. दुखत नाहीत. गावात आठ दिवस गोळ्या घेतल्या, फरक नाही. एक जण म्हणतो चरबीची गाठ, दुसरा म्हणतो आतला टाका कुजला. आतला कॅन्सर चामडीवर येतो का, आणि आला तर ओळखायचा कसा?

येतो. पण आधी तुमच्या आईचं बोलू.

गाठ हाताला लागल्याशिवाय कॅन्सरच आहे असं मी म्हणणार नाही. टाक्यांच्या रेघेवर इतर गोष्टीही उगवतात. आत राहिलेल्या दोऱ्याभोवती गाठ धरते, ऑपरेशनच्या जागची चरबी मरून तिचा घट्ट गोळा होतो, कुणाचा व्रणच फुगून वर येतो. पण चार वर्षं गप्प असलेल्या रेघेवर दीड महिन्यात दोन नव्या गाठी, त्याही घट्ट आणि न दुखणाऱ्या, हे ऐकल्यावर मी मलम लिहून देत नाही. तुकडा काढून तपासायला पाठवतो. तुमच्या आईच्या बाबतीतही तेच व्हायला हवं, आणि याच आठवड्यात.

तीस वर्षं कोल्हापुरात चामडीचे रोग बघतोय. या तीस वर्षांत सगळ्यात जास्त नुकसान कोणत्या एका वाक्यानं केलं असेल तर ते हे: ‘दुखत न्हाई ओ डॉक्टर, मग कशाला यायचं?’ उसाचं पान कापलं तर माणूस त्याच संध्याकाळी इंजेक्शन घ्यायला येतो. छातीवरची सुपारीएवढी गाठ मात्र सुगी उरकेपर्यंत, लेकीचं लग्न होईपर्यंत, जत्रा होईपर्यंत थांबते. गळू दुखतं, कारण तिथं पू साचतो, सूज येते, दाब वाढतो. चामडीत उतरलेला कॅन्सर सुरुवातीला यातलं काहीच करत नाही. तो फक्त वाढतो.

आता असं किती जणांना होतं? अमेरिकेत १९९० साली एक मोठी मोजदाद प्रसिद्ध झाली. ७३१६ कॅन्सर रुग्णांपैकी ३६७ जणांच्या त्वचेत रोग पोचलेला होता, म्हणजे शंभरात पाच. त्यातही चामडीवरच्या खुणेनंच रोगाचा पहिला पत्ता लागला असे फक्त ५९. याचा अर्थ दोन बाजूंनी लावा. अंगावर गाठ आली म्हणजे कॅन्सर, असं अजिबात नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाठी साध्या आवाळूच्या किंवा मळाच्या पिशवीच्या असतात. मात्र ज्याला आधी कॅन्सर होऊन गेलाय त्याच्या अंगावरची नवी गाठ साधी धरायची नाही, तपासणीनं ती साधी ठरवायची.

कुठला कॅन्सर जास्त करून येतो, हे बाई आणि पुरुष यांच्यात वेगळं आहे. १९७२ मध्ये ७२४ रुग्णांचा एक जुना अभ्यास झाला, तो आजही शिकवला जातो. बायकांमध्ये सुमारे ७० टक्के वेळा मूळ स्तनात होतं. पुरुषांत फुप्फुस पहिलं, मग मोठं आतडं. हे आकडे अमेरिकेतले. आपल्याकडे पुरुषांत तोंडाच्या कॅन्सरचा नंबर सगळ्यात वर आहे, आणि कारण पानपट्टीवर टांगलेलं असतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुड्या आणि मावा खिशातून गेले नाहीत. खेड्यात बायकांची मिश्री आहेच. त्यामुळे गालावर, जबड्याखाली किंवा मानेवर चामडी घट्ट होऊन खाली चिकटलेली, मधूनच फुटून पाणी येणारी जागा कोल्हापूरच्या डॉक्टरला जास्त दिसते. पुष्कळदा ती दाढेचं नासूर समजून महिनोन्‌महिने फिरत राहते. दाढेचं नासूर असतंही. पण तोंड पुरतं उघडून, जीभ बाजूला करून आत बघितल्याशिवाय ते ठरवू नये.

चामडीपर्यंत रोग पोचतो कसा? कधी खालची गाठ वाढत वाढत सरळ वर येते. कधी लसिकावाहिन्यांतून शेजारच्या चामडीत झिरपते. स्तनाचा रोग छातीवर येतो तो बहुधा असा. कधी रक्तातून दूर जातो आणि भलत्याच ठिकाणी, डोक्यावर किंवा पोटावर उगवतो. इंग्लंडमधल्या स्टीफन पॅजेट या सर्जननं १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरनं गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या आणि म्हटलं, की रोगाचं बी सगळीकडे पडतं, पण उगवतं ते मानवणाऱ्या मातीतच. हे ऊसवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. त्याला खोडवाही माहीत असतो: ऊस तुटून कारखान्याला गेला, रान मोकळं दिसतं, आणि जमिनीत राहिलेला बुडखा पुन्हा फुटतो. किडनीचा कॅन्सर यात फार लबाड. किडनी काढून दहा वर्षं झालेल्या माणसाच्या डोक्यावर लालभडक, टच केलं की रक्त येणारा मस उगवू शकतो. माणूस तोवर ऑपरेशनही विसरलेला असतो. म्हणून मी ‘आधी काही मोठं ऑपरेशन?’ असं विचारून थांबत नाही, शर्ट काढायला लावतो आणि जुने व्रण मोजतो.

खरी अडचण ही की हा रोग स्वतःच्या नावानं येत नाही. आपल्या घराघरांत ठाऊक असलेल्या साध्या दुखण्यांची नावं घेऊन येतो.

सगळ्यात जास्त वेळा तो आवाळू म्हणून येतो. खरं आवाळू मऊ असतं, बोटाखाली सटकतं आणि वर्षानुवर्षं तेवढंच राहतं. मळाच्या पिशवीला मध्ये काळा ठिपका असतो, दाबलं की घाण वासाचा पांढरा लगदा येतो. कॅन्सरची गाठ रबरासारखी किंवा दगडासारखी घट्ट, आठवड्या-आठवड्याला वाढणारी, आणि एकीच्या शेजारी दुसरी. रंगावर फार विसंबू नका. पुस्तकांतले फोटो गोऱ्या कातडीचे, तिथं गाठ गुलाबी-लाल दिसते. आपल्या सावळ्या अंगावर ती जांभळट, तपकिरी, किंवा नुसती अंगाच्याच रंगाची असते. त्यामुळे डोळ्यापेक्षा बोट जास्त खरं बोलतं. आंघोळीच्या वेळी साबणाच्या हातानं चाचपलं तर बारीक गाठही कळते.

डोक्यावर तो चाई होऊन येतो. चाईत केस जातात पण चामडी गुळगुळीत आणि मऊ राहते, केस बहुधा परत येतात. स्तनाचा रोग डोक्यात उतरला तर केस गेलेली जागा घट्ट, चकचकीत, थोडी दबलेली किंवा उंच लागते आणि केसांची छिद्रंच दिसत नाहीत. पुरुषांत अशी जागा पहिल्यांदा न्हाव्याच्या नजरेला पडते. लक्ष्मीपुरीतल्या एका न्हाव्यानं माझ्याकडे आतापर्यंत तीन गिऱ्हाइकं धाडली. दोघांना साधी चाई होती, तिसऱ्याला नव्हती.

छातीवर तो धावऱ्याचं सोंग घेतो. लाल-जांभळा, जरासा उंच, कडा स्पष्ट असलेला पट्टा पसरत जातो. धावऱ्यात ताप येतो, थंडी वाजते, जागा हात लावू देत नाही, आणि अँटिबायोटिक सुरू झालं की चार-पाच दिवसांत उतार पडतो. इथं ताप नाही, रुग्ण हिंडता-फिरता, आणि गोळ्यांचे दोन कोर्स होऊनही पट्टा बोटभर पुढे सरकलेला. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या स्तनात हे झालं तर सगळे म्हणतात, दूध साचलंय. बहुतेक वेळा खरंच दूध साचलेलं असतं. पण औषधानंतरही सूज उतरली नाही, चामडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची झाली, तर सोनोग्राफी आणि तुकडा, दोन्ही करून घ्या. बाळ लहान आहे म्हणून पुढं ढकलू नका. याच रोगाचा आणखी पुढचा प्रकार म्हणजे छातीची सगळी चामडी जाड, आवळलेली, लाकडासारखी होणं. फ्रेंच सर्जन व्हेल्पो यानं १८३८ मध्ये त्याला चिलखताची उपमा दिली. ती अशी चपखल की रुग्ण स्वतःच सांगतात, ‘श्वास घ्यायला छाती फुगत न्हाई.’

नागिणीचंही रूप तो क्वचित घेतो: एका बाजूला, पट्ट्यात, फोडांसारख्या बारीक गाठी. लोक काव लावतात आणि वाट बघतात. खरी नागीण दोन-चार आठवड्यांत खपल्या धरून जाते. महिना-दीड महिना झाला तरी गाठी तिथंच आणि घट्ट असतील तर ती नागीण नव्हे. बोटाच्या टोकाला तो नखुरडं होतो. चिरा दिला तर पू निघतच नाही, आणि एक्स-रे काढला तर टोकाचं हाड खाल्लेलं दिसतं. अशा वेळी छातीचा फोटोही काढायचा, कारण मूळ बहुधा फुप्फुसात असतं.

बेंबीची गोष्ट मला मुद्दाम सांगायचीय, कारण ती एका नर्सची आहे. अमेरिकेत रोचेस्टरला विल्यम मेयो नावाच्या मोठ्या सर्जनच्या हाताखाली सिस्टर मेरी जोसेफ काम करायच्या. ऑपरेशनआधी रुग्णाचं पोट धुऊन साफ करताना त्यांना कळलं, की ज्यांच्या बेंबीत घट्ट गाठ लागते त्यांच्या पोटात पसरलेला कॅन्सर निघतो. मेयोनं १९२८ मध्ये यावर लिहिलं. त्या १९३९ मध्ये गेल्या, आणि १९४९ मध्ये इंग्लिश सर्जन हॅमिल्टन बेली यानं या गाठीला त्यांचं नाव दिलं. सर्जनच्या नजरेतून सुटलेलं पोट धुणाऱ्या हाताला कळलं, हे माझ्या दवाखान्यातल्या सिस्टरांना मी दरवर्षी सांगतो. अशा गाठीचं मूळ बहुधा जठर, मोठं आतडं, स्वादुपिंड, आणि बायकांत बीजांडकोश. बेंबीत हर्नियाही असतो, वर्षानुवर्षांच्या मळाचा खडाही असतो, आणि बाळंतपणाच्या वयात पाळीबरोबर सुजणारी, रक्त येणारी गाठही असते. ती कॅन्सरची नव्हे. पण साठीच्या माणसाच्या बेंबीत नवी घट्ट गाठ, भूक मेलेली, पट्टा दोन भोकं आत गेलेला, अशा वेळी पोटाची तपासणी आधी, मलम नंतर.

बेंबीवरून आठवलं. दुर्बिणीतून पित्ताशय काढतात तेव्हा एक टाका बेंबीजवळ असतो. खड्यासाठी काढलेल्या पित्ताशयात कधीमधी आधीच कॅन्सर दडलेला असतो, आणि मग काही महिन्यांनी त्या टाक्याच्या जागी गाठ येऊ शकते. घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर काढलेलं पित्ताशय तपासणीला गेलं होतं का आणि रिपोर्ट काय आला, हे विचारून कागद फाइलला लावा. खडे डबीत घालून पाहुण्यांना दाखवण्यापेक्षा तो कागद जास्त कामाचा.

काही खुणा वेगळ्या जातीच्या. तिथं चामडीत कॅन्सरच्या पेशी नसतात. आतल्या रोगाचा नुसता पडसाद उमटतो. पापण्यांवर जांभळट सूज, बोटांच्या सांध्यांवर चट्टे आणि जिना चढताना मांड्यांतलं बळ गेलेलं, असा आजार मोठ्या वयात आला तर आम्ही कॅन्सर शोधतोच. पायाच्या शिरा एकदा इथं, एकदा तिथं दुखऱ्या दोरीसारख्या होणं हे फ्रेंच डॉक्टर ट्रूसो यानं सांगितलं. पुढे तीच खूण त्याला स्वतःच्या अंगावर दिसली आणि १८६७ मध्ये तो जठराच्या कॅन्सरनं गेला. मानेच्या काळेपणाचं वाचून मात्र घाबरू नका. मान आणि काखेतली काळी, मखमली चामडी आपल्याकडे वजन आणि साखरेशी जोडलेली असते; तिला साखरेची तपासणी आणि चालणं लागतं. सडपातळ माणसाला तीच गोष्ट दोन महिन्यांत झपाट्यानं आली, ओठ आणि तळहातही खरखरीत झाले आणि वजन घसरलं, तर गोष्ट वेगळी.

माझी एक चूक सांगतो. प्रॅक्टिसची पहिली वर्षं. राधानगरीकडचे एक गृहस्थ डोक्यावरचं आवाळू काढायला आले. कापल्यावर पिशवी निघालीच नाही, आत पांढरट, घट्ट मांस होतं. मुलगा म्हणाला, ‘तपासणीचा खर्च ऱ्हाऊ दे की, निघालं न्हवं?’ मीही मान हलवली आणि ते बादलीत गेलं. तीन महिन्यांनी ते खोकला आणि दम घेऊन आले, डोक्यावर त्याच जागी पुन्हा गाठ, शेजारी आणखी दोन बारीक गाठी. मूळ फुप्फुसात होतं. पहिल्या दिवशी कळलं असतं तर ते वाचले असते असं नाही, पण तीन महिने त्यांचे होते आणि ते मी घालवले. तेव्हापासून माझ्या टेबलावर कापलेली कुठलीही गाठ बादलीत जात नाही. खर्चाचं आम्ही बघतो.

तुकडा काढण्याबद्दल आता. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ हे गावोगाव ऐकतो. चामडीच्या गाठीचा तुकडा घेतल्यानं रोग पसरत नाही. उशीर केल्यानं पसरतो. जागा बधिर करतात, चार मिलिमीटरच्या गोल पात्यानं खोलवरचा तुकडा घेतात, एखादा टाका घालतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम, चालत घरी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. तुकडा फॉर्मलिनमध्येच गेला पाहिजे. सलाइनमध्ये टाकून पाठवलेला तुकडा कुजतो आणि पुन्हा कापावं लागतं. आणि चिठ्ठीवर जुन्या कॅन्सरची हकीकत लिहिलेली हवी, नाहीतर पॅथॉलॉजिस्टनं अंधारात चाचपडायचं. पेशी कुठल्या अवयवाच्या, हे विशेष रंगतपासणीनं पुष्कळदा कळतं: टीटीएफ-१ फुप्फुसाकडे बोट दाखवतो, सीडीएक्स-२ आतड्याकडे, गाटा-३ स्तनाकडे. तुमच्या आईच्या तुकड्यावर हार्मोनची आणि हर-२ ची (कॅन्सरच्या पेशीवरच्या एका प्रथिनाची) तपासणी पुन्हा करायला सांगा. चार वर्षांपूर्वीचा रिपोर्ट हातात असला तरी पुन्हा, कारण परत आलेला रोग कधी कधी बदललेला असतो आणि औषध त्यावरच ठरतं. फुप्फुसाचा रोग असेल तर चामडीच्या याच तुकड्यावरून जनुकीय तपासणी होऊ शकते. काहींना नुसत्या गोळ्यांचा उपचार लागू पडतो आणि छातीत सुई घालायची वेळ येत नाही.

गाठीवर चुना, बिबवा, गरम पोटीस काही लावू नका. चिरा देऊन पिळू तर अजिबात नका. अशी फुटलेली जखम मग भरत नाही.

समजा रिपोर्ट वाईट आला. तरी टाक्यांवरची गाठ म्हणजे लगेच सगळं संपलं असा हिशेब मांडू नका. रोग फक्त छातीच्या भिंतीपुरता असेल तर तेवढा भाग काढून, शक्य असेल तर पुन्हा लाइट देऊन, गोळ्या चालू करून बायका वर्षानुवर्षं चांगल्या राहतात. म्हणून रिपोर्टनंतर पुढचं पाऊल स्कॅनचं: आत आणखी कुठं आहे का हे बघायचं. फुप्फुसाचा रोग चामडीवर आला तर वेळ बहुधा महिन्यांत मोजावी लागते, हेही मी लपवत नाही. स्तनाचं तसं नसतं.

आणि जिथं रोग बरा होणार नाही तिथंही करण्यासारखं पुष्कळ असतं, फक्त ते कुणी सांगत नाही. फुटलेल्या गाठीला येणाऱ्या वासानं घरं मोडलेली मी बघितली आहेत; नातवंडांना जवळ येऊ देत नाहीत, आजीचं अंथरूण गोठ्याकडच्या खोलीत जातं. तो वास हवेविना वाढणाऱ्या जंतूंचा असतो आणि मेट्रोनिडॅझोलची पूड किंवा जेल जखमेवर लावलं की काही दिवसांत बराच ओसरतो. न चिकटणारी जाळी वापरली की पट्टी बदलताना रक्त येत नाही. आधी सलाइननं भिजवायची, मग काढायची. दुखत असेल तर मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात; ‘सवय लागेल’ या भीतीनं कुणाला तळमळत ठेवू नये.

तुम्ही कुठं जायचं? पहिली पसंती, जिथं ऑपरेशन झालं तिथंच, कारण जुने नमुने त्यांच्याकडे असतात. लांब पडत असेल तर तुकडा इथं कोल्हापुरात घेता येतो, सीपीआर या सरकारी रुग्णालयातही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटा.

शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत तरी. अशी मुलं दाराबाहेर मला गाठतात आणि म्हणतात, ‘आईला काही बोलू नका.’ तुमची आई रोज आंघोळीला त्या गाठींवरून हात फिरवते. चार वर्षांपूर्वी जे सोसलं ते तिला आठवतंय. तिला विचारा, तुला काय वाटतं. बहुधा ती तुमच्यासाठीच गप्प बसली असेल.

उपाशीपोटी आणायची गरज नाही. ब्लाउज पुढून उघडणारा असू दे, आणि जुनी फाइल विसरू नका, त्यातला पहिल्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मुख्यतः.